चौदा बेटांचा वाटाड्या

डोंगरातल्या माणसाला अंतर विचारू नये. ‘हे काय, हाकेवर हाय,’ म्हणून तो बोट दाखवतो आणि विचारणारा बिचारा दुपार टळेपर्यंत चालत राहतो. अकोले तालुक्यातल्या देवदऱ्याचा सूर्यभान धोंडू झडे मात्र या बाबतीत सगळ्या मुलखाहून वेगळा होता. वाघजाईच्या देवळापर्यंत चढण किती, असं कुणी विचारलं, की तो आधी त्या माणसाच्या पायांकडे बघे, मग पोटाकडे बघे आणि मग सांगे, “तुमाला चार विड्या लागतील. ह्या पोराला तीन.”

एक विडी ओढून संपायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक विडी. देवदऱ्याच्या धरणाकाठी सरकारी विश्रामगृह होतं. त्याला सगळे बंगला म्हणत. तिथला खानसामा आसाराम हा भिंगारच्या छावणीत साहेब लोकांच्या हाताखाली स्वयंपाक शिकून आलेला, तोंडानं तिखट आणि मनानं बरा असा माणूस. त्यानं एकदा सूर्यभानला बंगल्यातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर बसवून विडी ओढायला लावली. सात मिनिटं झाली. दुसरी ओढायला लावली. सातच झाली. तिसरी पेटवायच्या आत आसारामनं हात जोडले आणि म्हणाला, “बास झालं बाबा. घड्याळ बिघडलं तर तुलाच भिंतीवर टांगीन.”

सूर्यभान तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. उंच, किडकिडीत, बोलताना मान जरा डावीकडे झुकवणारा. लिहिता-वाचता येत नव्हतं. धरणाच्या पाण्यावर त्याची एक होडी होती आणि नगर, संगमनेर, नाशिककडून हवा खायला येणाऱ्या लोकांना तो भोवतालचे डोंगर दाखवी. दाखवण्याची त्याची तऱ्हाही न्यारी होती. काठावर एक खोलगट खडक होता. दुसरा कुणी वाटाड्या असता तर त्यानं तिथं अर्धं रामायण उभं केलं असतं. सूर्यभान म्हणे, “ह्याला सीतेची न्हाणी म्हनत्यात. म्हंजे लोक म्हनत्यात. माज्या बापाच्या वक्ताला हितं म्हशी डुंबायच्या, तेवढं मला ठावं हाय.” लोक हसत; पण संध्याकाळी बंगल्यावर परत आल्यावर उद्याची वाट त्यालाच विचारत. तो सांगेल तितकीच चढण निघे आणि तो म्हणेल तिथंच पाणी सापडे.

अशा माणसाच्या हातून सरकारी कागदावर चौदा बेटं चढावीत, ही गंमतच म्हणायची.

झालं ते असं. सत्तर सालच्या वैशाखात कुठल्याशा सरकारी कचेरीतून पाठकसाहेब आले. शामकांत पाठक. तिशीचे, हुशार, कामाचा झपाटा असलेले. डोंगराळ भागात सुट्टी घालवायला येणाऱ्यांसाठी ठिकाणं निवडायची आणि त्यांचं माहितीपत्रक छापायचं, असं त्यांचं काम. उन्हाळ्यामुळे धरणाचं पाणी तळाला गेलं होतं. बंगल्याच्या पायरीवर वही उघडून पाठकांनी विचारलं, “सूर्यभान, या बाजूला बेटं आहेत का रे?”

“हायेत की. लई हायेत.”

“किती असतील?”

“मोजली न्हाईत साहेब. पन एका वाघजाईच्या अंगाला बारा-तेरा तर असतीलच.”

पाठकांचे डोळे चमकले. पाणी भरलं म्हणजे हे सगळे उंचवटे बेटं होत असणार, हे त्यांनी मनाशी ताडलं आणि वहीत लिहून घेतलं.

आता सूर्यभानच्या बोलीत बेट म्हणजे कळकाचं बेट. बांबूचं. एका बुडख्यातून पन्नास-साठ काठ्या फुटून वर गेलेल्या असतात, ते. पाण्यातल्या जमिनीला बेट म्हणतात, हे त्याच्या कानावरून कधी गेलंच नव्हतं. बंगल्यावर येणाऱ्या साहेबांना झाडा-झुडपांची हौस असते, हे त्यानं पाहिलं होतं. विचारलं, सांगितलं.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तरी निभावलं असतं. पण ‘मोजली न्हाईत’ हे आपलंच बोलणं सूर्यभानला टोचत राहिलं. पाठक गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन वाघजाईच्या डोंगरावर गेला, एकेका बेटाला फडक्याची चिंधी बांधत फिरला आणि उतरल्यावर अकोल्याला जाणाऱ्या यष्टीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला, “पाठकसायबास्नी सांगा, बारा-तेरा न्हवं, चौदा. एक वढ्याच्या पल्याड ऱ्हायलं हुतं.”

दिवाळीच्या सुमारास पत्रक छापून आलं. ‘देवदरा : डोंगरांच्या कुशीतील रम्य विश्रांतिस्थान. विस्तीर्ण जलाशयात चौदा निसर्गरम्य बेटे.’ आणि शेवटी : ‘माहितगार वाटाडे श्री. सूर्यभान धोंडू झडे यांजकडे चौकशी करावी.’ आसारामनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आपलं नाव छापलेलं ऐकून सूर्यभाननं डोईचं मुंडासं उगाच काढून पुन्हा बांधलं. बेटांची ओळ ऐकून तो एवढंच म्हणाला, “जलाशय म्हंजी?”

“जंगल असेल,” आसाराम म्हणाला. त्यालाही ठाऊक नव्हतं, पण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

पत्रक वाचून पहिलं आलं ते एक नवं जोडपं. नगरला सावेडीच्या बाजूला तेव्हा नवे बंगले उठू लागले होते, तिथलं. मुलीचं नाव लीना. वाहाणा बदलून ती उत्साहानं म्हणाली, “आम्हाला आधी बेटं दाखवा.” सूर्यभाननं त्यांना वाघजाईच्या डोंगरासमोरच्या काठावर नेलं आणि कळकाच्या एका थोरल्या जाळीसमोर उभं केलं.

“हे पहिलं.”

दोघं इकडेतिकडे बघू लागली. “कुठंय?”

“हे काय. म्होरं हुबं हाय की. आजून तेरा हायेत, पन ह्याच्यावानी मोठं न्हाई.”

नवरा भडकला. आपल्याला बनवतोय, असं त्याला वाटलं. लीना मात्र एकदम खाली बसून पोट धरून हसायला लागली. हसणं आवरल्यावर तिनं मातीत बोटानं गोल काढला, भोवती वाकड्यातिकड्या रेघा ओढल्या आणि म्हणाली, “मामा, हे पाणी. ही मधली जमीन. याला आम्ही बेट म्हणतो.”

सूर्यभाननं वाकून तो गोल बघितला. चूक कळली तसं त्याचं तोंड उतरलं. आजवर त्यानं कुणाला एक विडीसुद्धा कमी-जास्त सांगितली नव्हती, आणि आता त्याच्या नावानं चौदा बेटांची थाप गावोगाव छापून गेली होती.

मग एकाएकी त्याला सुचलं. “असं एक हाय,” तो म्हणाला. “चौदा न्हाईत. एक हाय.”

वाघजाईचा डोंगर एका बाजूनं काठाला जोडलेला होता. जोडणाऱ्या त्या चिंचोळ्या पट्टीला वाडीतले लोक सोंड म्हणत. धरण भरलं की सोंड पाण्याखाली जाई आणि श्रावणापासून शिमग्यापर्यंत डोंगर चारी बाजूंनी पाण्यात उभा राही. वाडीला त्याचं काही वाटत नसे. गुरं तेवढी पलीकडे नेता येत नसत. सूर्यभाननं दोघांना होडीत घातलं आणि पलीकडे उतरवलं. वर वाघजाईचं बिनछपराचं देऊळ, मागं खडकात कोरलेलं गार पाण्याचं टाकं. समोर कळसूबाई, डावीकडे अलंग-कुलंगच्या काळ्या भिंती आणि खाली सगळीकडे निळंशार पाणी. टाक्याजवळच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली की कडा ती परत देई. लीनानं नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. कड्यानं ते दोनदा घेतलं. नवऱ्याचा राग तिथंच गेला.

त्या दिवसापासून सूर्यभाननं नियम केला. येणाऱ्या प्रत्येकाला होडीत बसायच्या आधी तो सांगे, “पत्रकात चौदा लिवल्यात. ती कळकाची. पान्यातलं एकच हाय, ते बी शिमग्यापत्तुर. बसायचं तर बसा.” बसणार नाही असं कुणी कधी म्हटलं नाही. आसाराम त्याला ‘चौदा बेटांचे महाराज’ म्हणू लागला. “महाराज, चहा घेणार का, की राज्यकारभाराची घाई आहे?” सूर्यभान चहा घेई.

पाठकांनाही त्यानं पुढच्या खेपेला सगळं सांगितलं. पाठकांनी कपाळाला हात लावला. हसले, मग गंभीर झाले. “आता छापून गेलंय रे. वरच्या अहवालातही गेलंय. पुढच्या वेळी बघू. मोजायला कोण येतंय?”

मोजायला माणूस आला, तो नेमका बहात्तरच्या दुष्काळात.

त्या साली पावसानं डोंगरातसुद्धा पाठ फिरवली. धरण निम्मंही भरलं नाही, आणि जे भरलं तेही खाली श्रीरामपूरकडच्या कालव्यांना लवकर सोडावं लागलं. वाघजाईच्या सोंडेपर्यंत पाणी चढलंच नाही. ओलसर गाळ बघून सूर्यभानच्या बायकोनं, चांगुणानं, कार्तिकात तिथं हरभरा पेरला. वाडीतली निम्मी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली होती. सूर्यभान गेला नव्हता, कारण गेली दोन वर्षं पाठकांनी त्याला वाटाड्या म्हणून हंगामी लावून घेतलं होतं. आता ती जागा कायम करायची की काढून टाकायची, हे वरचे साहेब ठरवणार होते. ते पौषात येणार, चौदा बेटं बघणार, त्यांच्यावर प्रवाशांसाठी झोपड्या बांधायच्या का ते ठरवणार आणि मग वाटाड्याचं.

साहेबांचं नाव सुमंत. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. बरोबर त्यांच्या पत्नी अंबिकाबाई होत्या. पाठक आदल्या दिवशीच येऊन थडकले. पाण्याकडे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सूर्यभानला बंगल्याच्या मागं, आसारामच्या चुलीशी गाठलं.

“हे बघ. होडी पश्चिमेकडून घालायची. तिकडून तीन बाजूंना पाणी दिसतं, सोंड दिसत नाही. वर न्यायचं, देऊळ दाखवायचं, जेवण करायचं आणि त्याच वाटेनं परत आणायचं. एक बेट बघितलं की झालं.”

“आन बाकीची तेरा?”

“लांब आहेत म्हणायचं.”

“लांब म्हंजे किती?”

आसाराम चुलीत फुंकर घालत म्हणाला, “महाराज, यात खोटं कुठाय? तुम्ही फक्त होडी वल्हवायची. बघणारा बघतो, समजणारा समजतो. तुम्ही बोलूच नका.”

“मी सांगतो तसं केलं नाहीस,” पाठक हळू आवाजात म्हणाले, “तर तुझी जागा जाईलच. माझंही काही खरं नाही, सूर्यभान. तो अहवाल माझ्या सहीचा आहे.”

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, काकुळती होती. सूर्यभानला त्यामुळेच नाही म्हणता येईना. घरी चांगुणानं ओळखलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “आवं, काय झालंया? घास तोंडाम्होरं धरून बसलाय.” त्यानं सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे माजा हरभरा सरकारला दिसू द्याचा न्हाई, आसं व्हय? माज्या पेरन्याची चोरी झाली जनू.” आणि परातीत जोरात थाप मारली. जागा गेली तर खडी फोडायला दोघांनाही जावं लागेल, हे तिला पुरतं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी होडी पश्चिमेकडून निघाली. सूर्यभान वल्ह्यावर, पाठक पुढं, मधे साहेब आणि बाई. थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं. डोंगराच्या तिन्ही बाजूंना पाणी दिसत होतं आणि पाठक भराभर बोलत होते, “झोपड्या त्या सपाटीवर, सर. होड्यांचा धक्का इथं. पोहणं, मासेमारी...”

पायथ्याशी उतरल्यावर सुमंतसाहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “वर जायला किती वेळ लागेल हो?” ते सूर्यभानला ‘अहो’ म्हणत होते.

सूर्यभाननं त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग अंबिकाबाईंकडे. “तुमी येकलं असता तर तीन विड्या. बाईसायब संगं हायेत, पाच लागतील.”

साहेबांना विड्यांचं कोडं उलगडेना. पाठकांनी ओशाळून सांगितलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि चालायला लागले. देवळापाशी पोचल्यावर त्यांनी पुन्हा बघितलं.

“छत्तीस मिनिटं. तुमच्या हिशेबानं पस्तीस व्हायला हवीत.”

“बाईसायब धायटीची फुलं बघाया थांबल्या, त्याचं एक,” सूर्यभान म्हणाला.

साहेब हसले. टाक्यातलं पाणी प्यायच्या आधी त्यांनी विचारलं, “हे पिण्याजोगं आहे?” सूर्यभान म्हणाला, “हाय.” साहेब दुसऱ्या कुणाकडे न बघता ओंजळ भरून प्यायले. दगड घसरता आहे का, कड्याच्या किती जवळ जावं, माकडं डबा ओढतात का, सगळं ते त्यालाच विचारू लागले आणि त्यानं सांगितलं की तेवढ्यावर थांबू लागले. पाठकांच्या बोलण्याकडे त्यांचं लक्ष उरलं नाही. सावलीत बसून आसारामच्या पुऱ्या खाताना ते म्हणाले, “पाठक, जागा उत्तम आहे. अशी बेटं असतील तर झोपड्यांना माझी ना नाही.”

सूर्यभान जरा लांब बसला होता. त्याच्या हातातली पुरी तशीच राहिली. हा माणूस आपल्या एका शब्दावर टाक्यातलं पाणी प्यायला. आता त्याच विश्वासावर आपण त्याला होडीत बसवायचं आणि तोंड दुसरीकडे करायचं? न बोलता खोटं सांगायचं, हे त्याला आसारामनं सांगितलं तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं. पाठकांकडे बघितलं तर ते पुरीचे नुसते तुकडे करत होते.

खाली जायची वेळ झाली. साहेब होडीच्या वाटेला वळले, तसा सूर्यभान आडवा झाला.

“साहेब, होडीनं न्हाई जायचं. पायी जाऊ.”

“पायी?” अंबिकाबाई म्हणाल्या. “पाण्यावरून?”

पाठकांनी डोळे मिटून घेतले.

“पाणी न्हाई तिकडं,” सूर्यभान म्हणाला. “दोन विड्यांची वाट हाय. बाईसायब फुलं बघाया थांबल्या न्हाईत तर.”

तो पुढं आणि मागून तिघं, अशी पूर्वेच्या उतारानं खाली आली. सोंड समोर होती. तीस-चाळीस हात रुंद, भेगाळलेल्या गाळाची, आणि तिच्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हिरवागार हरभरा. घाटे धरले होते. मधे चांगुणा निंदत बसली होती. साहेबांना बघून तिनं पदर सावरला आणि उठून उभी राहिली.

अंबिकाबाई थांबल्या. “बेटावर हरभरा कुणी पेरला गं?”

“मीच की,” चांगुणा म्हणाली. “आवंदा पाणी हितवर आलंच न्हाई बाई. आलं असतं तर हे बेट. न्हाई आलं, तर माजं वावर.” आणि तिनं दोन डहाळे उपटून बाईंच्या हातात दिले. “खावा. कवळं हाईत.”

सुमंतसाहेबांनी मागं वळून डोंगराकडे बघितलं, मग समोरच्या काठाकडे. “आणि बाकीची तेरा?”

सूर्यभाननं त्यांना सोंडेच्या टोकाशी नेलं. तिथं कळकाची एक दाट जाळी उभी होती. तिला बांधलेली चिंधी उन्हापावसानं पांढरी पडली होती. “आमच्यात ह्याला बेट म्हनत्यात. पाठकसायबांनी इचारलं, मी हे समजलो. चौदा मीच मोजली. चूक माजी हाय. मी इचाराया पाहिजे हुतं, कंचं बेट म्हून.”

पाठक एवढा वेळ खाली बघत उभे होते. आता ते पुढं आले. “नाही सर. यानं मला नंतर सगळं सांगितलं होतं. दुरुस्त मी केलं नाही. आज होडी पश्चिमेकडून घालायलाही मीच सांगितलं.” बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

सुमंतसाहेब त्या बेटाभोवती एक फेरी मारून आले. किती उंच आहे ते बघितलं. मग एकदम त्यांचं पोट हलायला लागलं आणि हसू फुटलं. हसता हसता त्यांना कळकाला हात टेकून उभं राहावं लागलं. “अंबिका,” ते म्हणाले, “चौदा बेटांवर चौदा झोपड्यांचा नकाशा माझ्या टेबलावर आहे गं!” अंबिकाबाई घाटे सोलत म्हणाल्या, “मग एकेका कळकाला एकेक टांगा.”

पाठक हसले नाहीत. हसायचं की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबांनी पत्रक मागवलं आणि पेन्सिल काढली. पाठकांना वाचायला सांगितलं आणि सूर्यभानला खाली नाही, बाकावर बसवलं. झोपड्या होणार नव्हत्या, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. दर वर्षी पाण्याच्या मर्जीनं बेट होणाऱ्या डोंगरावर बांधायचं काय? “पण लोक येतात, येत राहतील,” ते म्हणाले. “तेव्हा कागद तरी नीट करू. वाचा.”

“‘विस्तीर्ण जलाशयात चौदा निसर्गरम्य बेटे.’”

पेन्सिल फिरली.

“‘येथील कड्यावर सात वेळा प्रतिध्वनी ऐकू येतो.’”

“दोनदा,” सूर्यभान म्हणाला. “ते बी वारा नसंल तर.”

पेन्सिल फिरली.

“‘श्रीसीतामाईंच्या पदस्पर्शाने पुनीत झालेली न्हाणी.’”

सूर्यभान मान डावीकडे झुकवून बसला. चहाची किटली घेऊन उभा असलेला आसाराम म्हणाला, “साहेब, ते राहू द्या. देवाचं आहे.” सूर्यभान म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. फकस्त म्होरं ‘लोक म्हनत्यात’ आसं लिवा.” तसं लिहिलं गेलं.

“‘दोनशे फूट उंचीचा धबधबा.’”

“मोजला न्हाई कुनी. आन् दिवाळीनंतर त्याला पाणी नसतंय.”

अर्ध्या तासात पत्रकाचं अंग निम्मं झालं. सुमंतसाहेब म्हणाले, “काढलं तेवढं पुष्कळ झालं. आता घालायचं काय, ते तुम्ही सांगा. माणूस इथं आला तर त्यानं काय करावं?”

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो उठून व्हरांड्याच्या कडेला गेला, थोडा वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला आणि मग एकेक सांगू लागला, तसं पाठक लिहू लागले. वाघजाईच्या डोंगरावर श्रावणापासून शिमग्यापर्यंत होडीनं जावं, एरवी पायी. पाऊस कमी झाला तर बारमास पायीच. वर टाक्याचं पाणी प्यावं. जेवून लगेच उतरू नये, उतारावर गोळे येतात. आग्या मोहोळाखाली विडी पेटवू नये. सकाळी कळसूबाई मोकळी दिसते, दुपारी ढग बसतात. थंडीत दोन पांघरुणं आणावी, बंगल्यावर एकच मिळतं. यावर आसाराम काही बोलणार होता, पण साहेबांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो गप्प बसला. वाडीत कुणाच्या घरी जेवायला सांगायचं तर आदल्या दिवशी सांगावं. नागलीची भाकरी मिळेल, वरण मिळेल, गोड मिळणार नाही.

“आणि वाटाड्या?” पाठकांनी लिहिता लिहिता विचारलं. आपण काय विचारतो आहोत हे कळून ते थबकले आणि साहेबांकडे बघू लागले.

“होतं तेच राहू द्या,” सुमंतसाहेब म्हणाले. “फक्त हंगामी नको. उद्या मला तसा कागद करून द्या, पाठक. दुरुस्तीच्या अहवालावर सहीही तुमचीच हवी.”

पाठकांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. त्यांनी सगळं पुन्हा एका कोऱ्या कागदावर सुवाच्य उतरवलं, सूर्यभानला वाचून दाखवलं आणि पंखा घालावा तसा तो कागद हवेत हलवून शाई वाळवली. जुन्या पत्रकाच्या मानानं मजकूर फार थोडा भरला होता. खालचा तिसरा हिस्सा तसाच पांढरा राहिला होता.

“एवढी जागा उरली,” पाठक म्हणाले. “इथं काय घालू रे? एखादं चित्र? डोंगराचं?”

सूर्यभाननं कागद हातात घेतला. त्याला अक्षरं कळत नव्हती, पण कुठं संपली आणि कुठं पांढरं सुरू झालं ते दिसत होतं. तिथवर बोट नेऊन तो थांबला.

“ऱ्हाऊ द्या साहेब. माणसं येतील तवा त्यास्नी काय दिसंल ते लिवतील.”